तातापानीचे बाफले

उज्जैनचा माणूस प्रवासाला निघाला की आधी डबा भरतो, तिकिटाचं मागून बघतो. मी वेगळी कशी असणार? सेव, मठरी, लिंबाचं लोणचं, तिळाचे लाडू, शिवाय बाफल्यांचं जाडं पीठ आणि घरच्या तुपाची मोठी बरणी. ऑटोत सामान चढताना पाहून शेजारच्या शर्माभाभी म्हणाल्या, "दीदी, तीरथ को चलीं क्या?"

"नहीं भाभी, सौतन को देखने."

त्या इतक्या हसल्या की हातातली दुधाची पिशवी पडता पडता राहिली.

सवत म्हणजे जमिनीत पाडलेलं एक भोक, दुसरं काही नाही. आमचे हे विजेच्या खात्यात इंजिनीअर. उज्जैनच्या फ्रीगंज भागात घर, मुलं कॉलेजात, माझी मुलींच्या शाळेतली नोकरी, आणि हे मात्र कितीतरी वर्षं सरगुज्याच्या जंगलात. तेव्हा छत्तीसगड वेगळं झालं नव्हतं, म्हणून म्हणायला एकच प्रदेश. पण आम्हाला उज्जैनहून मुंबई जवळ होती, सरगुजा लांब. तिथे तातापानी म्हणून गाव आहे. ताता म्हणजे तिकडच्या बोलीत गरम. जमिनीतून उकळतं पाणी आपोआप वर येतं. भूगर्भवाल्यांनी तिथे खोल बोअर पाडली होती, आणि त्या पाण्यावर वीज करायची, कोळसा नको, धरण नको, ह्या एका वेडानं ह्यांना पछाडलं होतं. सुटीत घरी आले तरी तेच. मी गरम वरण वाढायची आणि हे जेवायचं सोडून वाटीतल्या वाफेकडे बघत बसायचे. इकडे फ्रीगंजात रोज संध्याकाळी लाईट जायची. मी कंदिलाची काच पुसत म्हणायची, "सगळ्या प्रदेशाला वीज देणारे साहेब, आधी घरात उजेड पाडा की!"

दिवस मोठे गमतीचे होते ते. टावर चौकात दर महिन्याला नवा बोर्ड लागायचा, कोल्ड्रिंकचा नाहीतर टीव्हीचा. पेपरात रोज परदेशी कंपन्या येणार, वीज खाजगी होणार, अशा बातम्या. ह्यांच्या बोअरीचंही नशीब त्यातच अडकलं होतं. खात्याकडे पैसा उरला नव्हता. मुंबईची एक कंपनी बघायला येणार होती. ती हो म्हणाली तर तिथे छोटं वीजघर उभं राहणार आणि ह्यांना रिटायर झाल्यावरही सल्लागार म्हणून तिथेच ठेवणार. नाही म्हणाली तर उन्हाळ्याच्या आत बोअर कायमची बंद, आणि हे कायमचे उज्जैनला.

आता खरं सांगते. मला "नाही"च हवं होतं. एकटीनं घर ओढून मी कंटाळले होते. मुलांचे ताप, परीक्षा, गच्चीची गळती, सगळं मी एकटीनं काढलं. ह्यांचं काय, महिन्यातून दोनदा एसटीडीवरून फोन, "सब ठीक?"

असाच एक फोन संक्रांतीच्या आधी आला. "कंपनीचे लोक येतायत. तू ये. दाल-बाफले तुझ्या हातचे पाहिजेत."

"तुमच्याकडे स्वयंपाकी नाही का?"

"आहे. पण ये."

असं हे कधी म्हणत नसत. मी शाळेतून रजा काढली.

अनुपपूर, अंबिकापूर

गाडीच्या प्रवासाचं काय सांगायचं? बिलासपूरच्या गाडीत बसले, झोपले, उठले, खाल्लं, परत झोपले. अनुपपूरला हे घ्यायला आले होते. बारीक झालेले, रापलेले, आणि अंगात मी विणलेला करडा स्वेटर. तिथून पुढे छोटी गाडी, मग जीप. माळव्यात कसं, खिडकीतून बघावं तर काळी सपाट जमीन आणि गहू-हरभरा. इकडे सगळं डोंगर आणि सालाची उंच झाडं, जमीन तांबडी, आणि वाटेत जिकडे तिकडे कोळशाचे ट्रक. मी रुमालानं तोंड पुसलं तर रुमाल काळा.

अंबिकापूरला चहा प्यायलो. भल्या पहाटेची वेळ, तरी मी सवयीनं विचारलं, "पोहा-जलेबी है?" चहावाला माझ्याकडे बघतच राहिला. त्यानं भजी दिली. उज्जैनच्या माणसाला सकाळी पोहे-जिलबी मिळाली नाही की दिवस उगवल्यासारखा वाटत नाही. मी तसं बोलून दाखवल्यावर हे म्हणाले, "मला इथे इतकी वर्षं झाली. माझा दिवस कसा उगवत असेल?" मी म्हटलं, "तुमचा तर तुमच्या त्या बाईकडे उगवतो." ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं हे बरं.

तातापानी

पोचलो तेव्हा ऊन नुकतं वर येत होतं. थंडी अशी की दात वाजत होते. आणि समोरच्या माळावर ठिकठिकाणी जमिनीतून वाफ निघत होती. इथे थोडी, तिथे थोडी, मधूनच एखाद्या दगडाच्या फटीतून. पाण्याच्या कडेनं पांढरा थर धरलेला. थंडीनं आखडलेली गुरं वाफेजवळ उबेला उभी होती. बाजूला महादेवाचं छोटंसं देऊळ. खोटं कशाला बोलू, मी जीपमधून उतरून सामान विसरून त्या वाफेकडेच गेले. इतकी वर्षं मी ज्याला भोक म्हणत होते ते असं असेल असं मला वाटलंच नव्हतं.

फुलमती म्हणून गावातली एक बाई कॅम्पवर पाणी भरायची. तिनं फडक्यात तांदूळ बांधून पुरचुंडी कुंडात सोडली आणि दोरी दगडाला बांधून खुशाल माझ्याशी गप्पा मारत बसली. म्हणाली, रामजीनं थट्टेनं सीतामाईला खडा मारला, तिच्या हातात गरम तेलाची वाटी होती, तेल सांडलं, आणि जिथे जिथे थेंब पडले तिथे हे पाणी.

"नवरे तेव्हापासून असेच," मी म्हटलं.

तिला फार पटलं. भात शिजला होता. तिनं पळसाच्या पानावर मलाही घातला. थोडा गंधकाचा वास येत होता, पण मीठ-मिरचीबरोबर चांगला लागला. मला राहून राहून आमचा रामघाट आठवत होता. हेच पाणी क्षिप्रेच्या काठी निघालं असतं तर एकेका कुंडावर एकेक पंडाजी छत्री लावून बसले असते आणि भात शिजवायचासुद्धा संकल्प सोडावा लागला असता. इथे देऊळ होतं, पाणी होतं, आणि कोणी काही मागत नव्हतं.

दुपारी मी शहाणपणा करायला गेले. ह्यांचा स्वेटर कळकट झाला होता. म्हटलं, फुकटचं गरम पाणी आहे, धुऊन टाकू. चरातल्या पाण्यात चांगला बुचकळून काढला. अहो, बाहेर आला तो सहा वर्षांच्या पोराचा! महिनाभर डोळे फोडून विणलेला स्वेटर तो. मी कपाळावर हात मारला. हे हसता हसता खाली बसले. म्हणाले, "म्हणजे आता तरी पटलं ना, पाण्यात दम आहे?"

मग मला बोअरीकडे नेलं. तारेच्या कुंपणात जमिनीतून वर आलेली जाड लोखंडी नळी, तिच्यावर मोठ्या चक्राचा व्हॉल्व्ह. एरवी थोडंसंच पाणी सोडलेलं असायचं. मी विचारलं, "ह्याची वाफ करून पंखा फिरवणार?" तर म्हणाले, नाही, उकळतं असलं तरी पंखा फिरवायला पाणी तेवढं तापलेलं नाही. त्यांनी खिशातून स्पिरिटची बाटली काढून माझ्या तळहातावर दोन थेंब टाकले. हात थंडगार झाला आणि स्पिरिट उडून गेलं. "नुसत्या हाताच्या ऊबेनं उडालं. असंच लवकर उडणारं एक द्रव्य ह्या पाण्यानं तापवायचं. त्याची वाफ चक्र फिरवणार. चक्रावर वीज. वाफ गार केली की द्रव्य परत तेच. आणि पाणी परत जमिनीत." एवढं बोलून माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी पास करते की नापास. चौथीतल्या मुलीला कळेल असं सांगितलं होतं. मी म्हटलं, "नंबर एक." आणि लगेच मनात म्हटलं, बाई गं, कंपनीलाही असंच सांगितलं तर हा माणूस काही घरी येत नाही.

पाहुणे

पाहुणे दुसऱ्या दिवशी आले. कंपनीचे मेहतासाहेब, बोलायला गोड, पायात पांढरे बूट. त्यांच्याबरोबर एक उंच गोरे तज्ज्ञ, अशा गरम पाण्यावरच्या वीजघरांत जन्म काढलेले. आणि ड्रायव्हर. मेहतांनी उतरल्या उतरल्या घड्याळ बघितलं. "साहब, जल्दी दिखा दीजिए, अंधेरे से पहले अंबिकापूर पहुँचना है."

हे म्हणाले, "पहले भोजन."

मी ह्यांना बाजूला ओढलं. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? आधी बोअर दाखवा, मग जेवायला घाला. बाफले खाऊन कोणी कधी काम केलंय का?"

"मी उज्जैनचा आहे. पाहुण्याला उपाशी पोटी काम दाखवू?"

"मग खिचडी टाकते पटकन."

"बाफले," म्हणाले, आणि गेले.

ज्यांनी बाफले खाल्ले नाहीत त्यांना सांगते. जाड्या गव्हाच्या पिठात थोडं मक्याचं पीठ, ओवा, हळद, दही आणि मुठीत वळेल एवढं तूप घालायचं. गोळे करायचे, आधी पाण्यात उकडायचे, मग गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, मग फोडून तुपात बुडवायचे. बरोबर आंबट-तिखट दाळ, हिरवी चटणी, आणि शेवटी लाडू. उज्जैनात रविवारी बाफले झाले की सगळी गल्ली दुपारभर घोरते. कोणाच्या घरी बाफले असले की त्या दुपारी आम्ही दार वाजवत नाही.

तर त्या दिवशी बाफले उकडायला चूल लागलीच नाही. तारेच्या टोपलीत गोळे घालून मी टोपली कुंडात सोडली. पाण्याचा देवच जणू आत बसून आच देत होता, गोळे टपाटप वर आले. गोरे साहेब गुडघ्यावर बसून बघत होते. त्यांनी जगभर अशी कुंडं बघितली असतील, पण बाफले उकडताना पहिल्यांदाच. गंधकाचा वास राहील ही मला धास्ती होती, पण गोवऱ्यांच्या धुरानं तो गेला. जेवायला बसल्यावर ह्यांनी साहेबांना हातानं बाफला कुस्करायला शिकवलं. साहेब आधी "नो, नो" करत होते, मग स्वतःच तुपाच्या बरणीकडे बोट दाखवायला लागले. मेहता तर बोलायचेच बंद झाले. आणि हे आग्रह करत होते, कधी नव्हे तो. "एक और, मेहताजी. भाभी इतनी दूर से आटा लाई हैं."

मग सगळे बोअरीकडे गेले. ह्यांनी चक्र फिरवलं. आधी नुसता सूं असा आवाज, मग घरघर, आणि मग नळीतून पाण्याचा आणि वाफेचा जो लोट उठला तो सालांच्या शेंड्याच्याही वर. मी घाबरून मागे सरकले. कानावर हात ठेवावे लागले. गोऱ्या साहेबांनी फोटो काढले, मान हलवली, ह्यांचा हात हातात घेऊन काहीतरी बोलले. मेहता म्हणाले, "बहुत बढ़िया, बहुत बढ़िया. थोडा बैठ लें." आणि झाडाखालच्या खाटेवर बसले. बसले ते आडवेच झाले. साहेबांनी टोपी तोंडावर घेतली. ड्रायव्हर जीपमध्ये पाय वर करून. एवढी जमीन हादरतेय, आणि तिघेही ठार झोपले!

मला हसावं की रडावं कळेना. "अहो, उठवा ना त्यांना! हे बघायलाच आलेत ना?"

"राहू दे. दमलेत."

"मग निदान बंद तरी करा. थोडा वेळच चालवायची परवानगी आहे म्हणालात ना?"

"पाहुणे बघतायत ना अजून," म्हणाले, घोरणाऱ्या मेहतांकडे बघून.

आणि दुपारभर बोअर तशीच चालली. मी ह्यांच्याजवळ उभी राहिले. पाण्याचा लोंढा ह्यांनी खणून घेतलेल्या चराने नाल्याकडे पळत होता. गावातली माणसं लांब येऊन बसली. उन्हात वाफेचे बारीक थेंब अंगावर येत होते, ऊबदार. ह्यांनी गमछा चक्रावर गुंडाळून माझा हात त्यावर ठेवला. चक्र थरथरत होतं. माझ्या कोपरापर्यंत ती थरथर आली. हे कानाशी येऊन ओरडून सांगत होते, "हे पाणी कधीचं तरी पावसाचं आहे गं. कुणास ठाऊक किती जुनं. खाली खोल गेलं, तापलं, आणि आत्ता वर आलं." मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. लग्नात बघितलं होतं तसं तोंड. मी ज्या माणसावर इतकी वर्षं चिडले होते तो रोज इथे, ह्या आवाजाजवळ, एकटा उभा राहत होता. मला एकदम भरून आलं. मी मनात नाही, चांगलं मोठ्यानं म्हटलं, "महाकाला, ह्या कंपनीवाल्यांना हो म्हणू दे. राहू देत हे इथे. मी येईन." बोअरीच्या आवाजात कोणाला काही ऐकू गेलं नाही.

ऊन उतरलं तेव्हा मेहता दचकून उठले. एकच धावपळ. हे व्हॉल्व्ह बंद करायला गेले तेवढ्यात मेहता बूट घालता घालता माझ्याशी हळूच बोलले. "भाभीजी, ऐसा खाना मैंने जिंदगी में नहीं खाया. इसलिए आपसे झूठ नहीं बोलूँगा. फैसला तो हमारे यहाँ आने से पहले ही हो गया था. इतने पास इतना कोयला पड़ा है, गरम पानी पर कौन पैसा लगाएगा? साहब से अभी मत कहिएगा. चिट्ठी आ जाएगी."

जीप गेली. हे चक्र फिरवत होते, अगदी सावकाश. लोट खाली खाली आला, मग नुसती वाफ, मग तीही राहिली नाही. एवढी शांतता झाली की देवळातली घंटा कोणीतरी वाजवली ती ऐकू आली. "चल, चहा कर," म्हणाले.

मी चहा केला. ह्यांना काही सांगितलं नाही. सांगवेना.

परत फ्रीगंज

बोअर उन्हाळ्याआधी बंद झाली आणि हे घरी आले. मला हवं होतं तेच झालं, आणि मी खूश नव्हते. घरात हे नुसते बसून राहायचे ते मला बघवत नव्हतं. पण माणूस हट्टी. थोड्याच दिवसांत ह्यांनी ह्या सगळ्याची गोष्ट करून टाकली. कुठेही बाफल्यांची पंगत असली की हे सुरू, "आमच्या बाफल्यांनी अख्खं वीजघर बुडवलं! कंपनी बघायला आली आणि घोरत पडली!" लोक पोट धरून हसायचे. "भाभीजी, आपने तो प्रदेश का नुकसान कर दिया!" मीही हसायची. म्हणायची, बरं आहे, बाफल्यांमुळे गेलं असं ह्यांना वाटू दे. कोणी मनावरच घेतलं नव्हतं हे कळण्यापेक्षा ते बरं.

आता हे नाहीत. तिकडे प्रदेशही वेगळा झाला. संक्रांतीला तातापानीला मोठा मेळा भरतो म्हणतात, रस्ता चांगला झालाय. तुम्ही गेलात तर पहाटे जा, थंडीत.

एक गोष्ट सांगायची राहिली. हे होते तेव्हाची, ह्यांच्या शेवटच्या वर्षांतली. कोणाच्या तरी मुंजीत ह्यांनी परत तीच गोष्ट सांगितली, परत सगळे हसले. संध्याकाळी आम्ही रामघाटावर पायरीवर बसलो होतो. आरती संपली होती. मला एकदम सहन होईना. मी म्हटलं, "पुरे झालं ते बाफल्यांचं. बाफल्यांनी काही बुडवलं नाही. ते लोक आधीच ठरवून आले होते. मेहतांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं."

ह्यांनी पाय पाण्यात सोडले. मग म्हणाले, "मला त्याच्याही आधी माहीत होतं. भोपाळहून कळलं होतं. मग तुला फोन केला."

मला काही समजेना. "मग बाफले कशाला? एवढा आग्रह करून करून?"

"ते जागे असते तर फोटो काढून लगेच बंद करायला लावलं असतं. मला ती एक दुपार चालवायची होती." आणि म्हणाले, "तू बघितल्याशिवाय बंद होऊ द्यायची नव्हती मला."

मला राग आला, खरंच आला. डोळ्यांना पदर लावून मी भांडले. "मग तसं सांगायचं की सरळ! मी उगीच इतकी वर्षं मनात धरून बसले!"

"सांगितलं असतं, की बंद होणारी बोअर बघायला ये, तर आली असतीस?"

नसते आले.